रेंगाळून आलेलं चार इस्पिक

मुळशी धरण, वसाहत
२० फेब्रुवारी १९६१

चि. सौ. वेणूस मुळशीहून अण्णांचे आशीर्वाद. पाकिटावर तुझं सासरचं नाव घातलं आहे, आत मात्र वेणूच. तुझ्याआधी हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांना माझा सविनय नमस्कार. आत आक्षेपार्ह काही नाही, फक्त पत्ते आहेत.

दिवाळसणाला आलीस तेव्हा तू आईला म्हणालीस की पत्त्यांचा जोड सासूबाईंनी माळ्यावर टाकला. मला सांगितलं नाहीस. तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे कळलं. विहीणबाईंना माझ्या वतीने सांग की ब्रिज म्हणजे जुगार नव्हे. यात पैसा लावत नाहीत, अक्कल लावतात. समोर बसलेला आपला भिडू, त्याची पानं आपल्याला दिसत नाहीत आणि आपली त्याला. आधी बोली होते. एकेक मोजका शब्द बोलून आपल्याकडे काय आहे ते भिडूला कळवायचं, आणि दोघांनी मिळून हुकूम कोणता आणि किती हात करू ते ठरवायचं. मग हुकमाचा रंग ज्याने आधी म्हटला तो एकटाच खेळतो, भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडून बसतो. एकूण हात तेरा. बोलीत पहिले सहा धरलेलेच असतात: चार म्हटलं की दहा हात, सहा म्हटलं की बारा. त्यातले बारा करू असं छातीठोक सांगून केले तर तो स्लॅम. सांगून जमलं नाही तर चारचौघांत नाक कापलं जातं. आणि न सांगता बारा झाले तर ते कोणी विचारत नाही. संसारात याहून जास्त जुगार असतो. पण हे वाक्य विहीणबाईंना वाचून दाखवू नकोस.

आता मुद्द्याचं. तू गेल्यापासून क्लबात माझा भिडू म्हणून पेंडसे ओव्हरसियर बसतात. माणूस सज्जन आहे, पण हातात राणी असली तरी एक्का असल्यासारखा बोलतो. मी कंटाळलो. म्हणून आपण दोघांनी टपालाने एक डाव खेळायचा. पंच म्हणून आपल्या वसाहतीच्या डॉ. टिपणीसांनी पानं पिसून वाटली. तुझी तेरा पानं त्यांनी चिठ्ठीवर उतरवून पाकिटात डकवून दिली, ती सोबत आहेत. मी पाहिलेली नाहीत. उरलेल्या दोघांची पानंही डॉक्टरांकडेच आहेत आणि ते दोघे मुके आहेत असं धरायचं, म्हणजे दर वेळी पास. तू एका पोस्टकार्डावर एक बोली लिहायचीस. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यामुळे कोणाला संशयही नको.

माझी बोली: एक इस्पिक.

जावईबापूंना आशीर्वाद. रेल्वेच्या हापिसात कामाचा ताण असेल.

अण्णा


मुळशी धरण
९ एप्रिल १९६१

चि. सौ. वेणूस आशीर्वाद.

तुझं कार्ड लगोलग आलं, उत्तराला उशीर माझ्याकडून झाला. 'तीन इस्पिक. मी मजेत आहे.' वाचून मी हापिसातून घरी चालत येताना एकटाच हसत होतो. तीन म्हणजे तुझ्याकडे चार तरी इस्पिक आहेत आणि बाजूला भरभक्कम पानं. तू उगाच तीन म्हणणारी नव्हेस. पेंडसेंना कार्ड दाखवलं तर ते म्हणाले, "पोरगी तडफदार आहे." मी म्हटलं, शिकवली कोणी?

कार्ड शिसपेन्सिलीने लिहिलं होतंस. लग्नात तुला दिलेलं शाईचं पेन हरवलं काय? हरवलं असेल तर सांग. रागावणार नाही.

डॉक्टरांचा पुतण्या रेल्वेच्या कामाने कटनीला आला होता. आईने त्याच्याबरोबर कुरडया आणि मेतकूट पाठवलं होतं. तो म्हणाला की दुपारी चारला तुमच्या दारी गेलो, डबा विहीणबाईंनी घेतला आणि 'सूनबाई झोपल्या आहेत' म्हणाल्या. त्याने पुढच्या गाडीपर्यंत थांबतो म्हटलं तर दार लावून घेतलं. कटनीचा उन्हाळा कडक असतो असं ऐकतो. दुपारी माणूस झोपणारच. तू मात्र लहानपणी तापातसुद्धा दुपारची कधी झोपली नाहीस, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. ती काल जेवली नाही. मी तिला म्हटलं, वय वाढलं की झोप वाढते.

डब्यातल्या कुरडया पोचल्या का ते कळव.

आता बोली. मला आपल्या दोघांत मोठा डाव दिसतो आहे. म्हणून मी म्हणतो: चार किलवर. म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो: किलवरचा एक्का माझ्याकडे आहे. वेणू, तुझ्याकडे दुसरा एखादा एक्का असेल तर त्याचं नाव घे. नसेल तर 'चार इस्पिक' म्हण. त्याचा अर्थ, माझ्याकडे दाखवण्यासारखं आणखी काही नाही, इथेच थांबू या. मग मी थांबेन.

उत्तराची वाट पाहतो.

अण्णा


मुळशी धरण
११ जून १९६१

चि. सौ. वेणूस आशीर्वाद.

माझी बोली पोचली नसेल म्हणून पुन्हा लिहितो: चार किलवर. मधे एक पत्र आणि एक कार्ड टाकलं, तेही पोचलं नसेल. टपालखात्याचा कारभार हल्ली सैल झाला आहे.

तू विचार करत असशील तर सावकाश कर. मी घाई करत नाही. मला आपला दिवाळीतला सामना आठवतो, लोणावळ्याहून पाहुणे आले होते तो. तू सतरा वर्षांची होतीस आणि क्लबातल्या खुर्चीवर तुझे पाय अधांतरी राहू नयेत म्हणून मी खाली विटा ठेवतो म्हणालो तेव्हा फणकारली होतीस. शेवटच्या डावाला तू चार इस्पिक म्हणालीस, पण म्हणण्याआधी कितीतरी वेळ छताकडे बघत बसलीस. लोणावळेकरांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्या खोलीला कळलं की पोरीकडे याहून जास्त आहे, पण बोलायचा धीर होत नाही. मी पास म्हटलं. बारा हात झाले आणि ढाल लोणावळ्याला गेली.

घरी येताना धरणाच्या भिंतीवरून चालताना तू विचारलंस, "अण्णा, मी थांबले होते ते तुम्हाला दिसलं नाही?" मी म्हटलं, "दिसलं. म्हणूनच पास म्हटलं." भिडूचा शब्द ऐकायचा, भिडूचं थांबणं ऐकायचं नाही. चेहऱ्यावरून, खोकल्यावरून, उसाशावरून पानं ओळखली तर तो खेळ नव्हे, ती लबाडी. तू पुढे निघून गेलीस आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. लोणावळ्याच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र जाताना माझा हात हातात घेतला होता. मला त्याचा आजही अभिमान आहे, वेणू.

सारजाबाई अजून दूध घालते. काल अंगणात उभी राहून मलाच बोलली. म्हणाली, "सायेब, लेकीचं काय कळलं का न्हाई?" मी म्हटलं, पत्र यायचं आहे. तर म्हणते, "पत्राची वाट कशापायी बगायची? माजी गोजरा नेऱ्याला दिल्याली हाय. दोन बाजार तिचा निरोप न्हाई आला, तशी म्या भाकरी बांधली आन सरळ गेले. याही म्हनला, न बोलावता कशा आलात? म्या म्हनलं, लेक बगाया आले, तुमचं घर बगाया न्हाई." मी तिला समजावलं की आमच्यात तसं जात नाहीत. मुलीला मूलबाळ होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, आणि बोलावल्याशिवाय गेलं तर त्याचा त्रास मुलीलाच होतो. "त्ये बी खरं हाय," म्हणाली आणि दुधाचं माप उलटं करून निघाली. पण ते तिला खरं वाटलेलं नव्हतं.

जावईबापूंना दोन ओळी लिहायला सांग. त्यांच्याही अक्षराची मला ओळख होईल.

अण्णा


मुळशी धरण
२३ जुलै १९६१

चि. सौ. वेणूस आशीर्वाद.

पानशेत फुटल्याचं तिकडच्या वर्तमानपत्रांत आलंच असेल. तुझा जीव टांगणीला लागला असेल म्हणून पहिल्यांदा सांगतो की आम्ही सुखरूप आहोत. पाणी मुठेचं गेलं, आपलं धरण मुळेवरचं. इथे भिंतीला काही झालेलं नाही. मात्र पुण्यात तुझ्या मावशीच्या घरात पाणी छातीपर्यंत आलं. माणसं वाचली, सामान गेलं. लकडी पुलाकडे मला बघवेना.

तेव्हापासून इथे सगळे ताठ उभे आहेत. पाण्याची पातळी मी पूर्वी दिवसातून तीनदा नोंदायचो, आता तासातासाला जातो. कोणालाही रजा नाही. धरणाखालच्या गावांतली माणसं येतात आणि भिंतीला हात लावून बघतात. परवा एक म्हातारा विचारत होता, "सायेब, ही तरी ऱ्हातीया न्हवं?" मी होय म्हटलं. तेवढंच माझ्या हातात आहे.

आमची खुशाली विचारणारी पत्रं सगळीकडून आली. इंदूरचा तुझा मामेकाका, ज्याने तुझ्या लग्नाच्या आहेराची पोचसुद्धा दिली नव्हती, त्याचंही आलं. तुझं आलं नाही. पुण्याचं टपाल अडलं असेल. भिजलेल्या थैल्या गच्चीवर वाळत घातल्यात असं कोणी सांगत होतं. मी हे आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "इंदूरची थैली कोरडी राहिली आणि कटनीची तेवढी भिजली?"

मी उठून पातळी बघायला गेलो. अजून वेळ झालेली नव्हती.

धरण फुटल्याची बातमी आली की धरणावर वाढलेल्या मुलीने दोन शब्द विचारू नयेत, असं होत नाही. तुला वर्तमानपत्र मिळत नसेल. हे पत्र वाचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की एवढं पत्र तरी वेणूला द्यावं. बोलीचं राहू द्या. तिने फक्त 'मिळालं' एवढं लिहावं.

अण्णा


मुळशी धरण
५ ऑगस्ट १९६१

वेणू,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, म्हणून जरा मोकळं लिहितो.

आज तुझं कार्ड आलं. 'चार इस्पिक. आम्ही सर्व खुशाल.' पेन्सिलीनेच लिहिलेलं. खाली सही नाही. पुराबद्दल शब्द नाही. मावशी आहे की गेली, विचारलेलं नाही. 'मी मजेत' होतं तिथे 'आम्ही सर्व खुशाल' आलं आहे, आणि हे 'आम्ही सर्व' कोण ते मला कळत नाही. कटनीचा शिक्का गेल्या आठवड्यातला. माझा प्रश्न एप्रिलमधला. पूर मधे आला खरा, पण तो जुलैतला, एप्रिलपासूनच्या उशिराचं कारण तो नव्हे. तेव्हा टपालखात्याला मी दिलेले दोष मागे घेतो.

म्हणजे तू थांबली होतीस. चार महिने छताकडे बघत बसलीस आणि मग म्हणालीस, माझ्याकडे सांगण्यासारखं आणखी काही नाही, इथेच थांबू या.

नियमाप्रमाणे मी पास म्हणायला हवं. शब्द स्पष्ट आहे. तू चार इस्पिक म्हणालीस, खुशाल म्हणालीस, आणि मी तुझं थांबणं ऐकायचं नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. मी त्यांना कार्ड दाखवलं आणि म्हटलं, "पास करावं लागणार." तुझी पानं त्यांना ठाऊक आहेत. त्यांनी चहा तसाच ठेवला, छत्री घेतली आणि उठले. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. पंचाचा चेहरा वाचायचा नाही, हाही नियमच आहे. दारापाशी थांबून ते म्हणाले, "तुम्हाला तिची पानं बघायची असतील तर चिठ्ठीची नक्कल माझ्या खिशात आहे." मी नको म्हटलं. पानं बघून बोललो तर ती बोली कसली? ते गेले.

तुझी आई सगळं ऐकत होती. तिला आजवर इस्पिक आणि किलवर यातला फरक सांगता आलेला नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तो बघायला आला होता, तेव्हाही तुम्ही तिला विचारलंत. ती किती वेळ बोलली नाही. मग चालेल म्हणाली. तुम्ही लगेच पत्र लिहायला बसलात." मी म्हटलं, "ती चालेल म्हणाली होती." ती म्हणाली, "हो. तुम्ही तिला शिकवलंतच तसं. बापाला शब्दच ऐकू येतो, हे तिला माहीत आहे. तरी ती दर वेळी थांबून बघते."

मी तिच्यावर ओरडलो. पुष्कळ बोललो. पुरुषाने प्रत्येक बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसायचं का, आणि लावलेला चुकला तर कोणाला जाब द्यायचा, आणि कटनीला जाऊन दारात उभा राहिलो आणि सगळं खरंच खुशाल असलं तर मुलीच्या कपाळी जन्मभराचे टोमणे येतील त्याचं काय. हे सगळं खरंच आहे. बोलून झाल्यावर ती म्हणाली, "झालं?" आणि कपबशा उचलून आत गेली.

वेणू, मला भीती वाटते. चूक होईल याची वाटते, आणि बरोबर ठरेल याची त्याहून जास्त वाटते. वरच्या पावसाने पाणी चढतंय, मी काठीवरचा आकडा वाचतो, वहीत लिहितो, वर कळवतो. दार उघडायचं की नाही ते दुसरे ठरवतात. आजपर्यंत मला हे काम फार सोयीचं होतं.

हे दुसऱ्या दिवशी लिहितो: सकाळी रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, या दिवसांत मागू तरी नये माणसाने. त्यांचंही बरोबर आहे.


कल्याण स्टेशन
८ ऑगस्ट १९६१, सकाळ

वेणू,

गाडीला अवकाश आहे. बाकावर बसून लिहितो आहे. शेजारी एक मारवाडी कुटुंब आहे आणि त्यांचं पोर माझ्या पिशवीत काय आहे ते बघतं आहे. पिशवीत आईच्या दशम्या आहेत, तुझं हिरवं लुगडं आहे, आणि फिरकीचा मोठा तांब्या आहे. तुमच्या घरचं पाणी मी घेणार नाही. तेवढा नियम पाळू दे.

रजा मंजूर झालेली नाही. अर्ज पुन्हा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि पातळीचं काम पेंडसेंना समजावून दिलं. म्हटलं, जेवढं दिसेल तेवढंच लिहा, एक बोटभरही जास्त नको. बिचारे दहादा हो म्हणाले. परत गेल्यावर नोकरी असेल की नाही, सांगता येत नाही.

निघताना डॉक्टरांकडे गेलो. ते दाढी करत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, माझी बोली लिहून घ्या. सहा इस्पिक." त्यांनी वस्तरा खाली ठेवला. म्हणाले, "कशावरून?" मी म्हटलं, "ती थांबली त्यावरून." ते म्हणाले, "टेबलावर हे चालणार नाही, माहीत आहे ना? तुम्हीच लोकांना यावरून उठवलं आहे." मी म्हटलं, माहीत आहे. क्लबाने नाव काढून टाकलं तरी माझी तक्रार नाही. त्यांनी साबण लागलेल्या हातानेच कागद ओढला आणि लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघत उभे राहिले. या वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. पण माणसाच्या तोंडाला साबण असला की काही कळत नाही.

सारजाबाई एसटीच्या थांब्यापर्यंत आली. भाकरी बांधून आणली होती. "तितं दारात कोन काय बोललं तर ऐकून घ्या," म्हणाली, "पर हालू नका."

मला तसं उभं राहता येईल का, ठाऊक नाही. मी भांडणारा माणूस नाही. विहीणबाई 'झोपली आहे' म्हणाल्या तर त्यावर काय बोलायचं ते मी पौडपासून घोकतो आहे आणि अजून एक वाक्य धड जमलेलं नाही. जावईबापू काय म्हणतील, तू स्वतः काय म्हणशील, दाराआडून 'अण्णा, तुम्ही कशाला आलात' म्हणालीस तर मी काय करीन, यातलं काहीच माझ्या हातात नाही. हातात पाच इस्पिक आहेत, बदामाचं एकच फालतू पान आहे, चौकटीचा राजा आणि राणी आहेत, किलवरचा एक्का आहे. तुझ्याकडे काय आहे ते मला आजही माहीत नाही. काहीच नसेल तर आपण बुडणार, आणि दोष माझा.

पण इस्पिक मी आधी म्हणालो होतो. तेव्हा डाव खेळायचा मी. तुला आता बोलायचंही नाही आणि खेळायचंही नाही. मी दारात आलो की तू फक्त तुझी पानं माझ्यासमोर खाली ठेव. सगळी ठेव.

अण्णा